सोळा व्होल्टांचा पंचनामा

माझ्या सुनेनं केलेली पेटी खोटं बोलते, ही बातमी मला भाजीवालीकडून कळली. आता बोला!

मी रंजना लोहार. जयसिंगपुरात शिरोळ रोडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज आहे. सासऱ्यांनी काढलं, त्यांच्यानंतर चौतीस वर्षं मी चालवतेय. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर, त्यांना वायरीत काडीचा रस नव्हता, म्हणून सासऱ्यांनी सरळ सुनेच्या हातात पक्कड दिली. कुणाच्या गाडीत काय बिघडलंय हे अख्ख्या तालुक्यात आधी मला कळतं, असा माझा तोरा. आणि माझ्याच घरातली गोष्ट मला भेंडी निवडताना कळावी?

"काकू, तुमच्या केतकीच्या पेटीनं गाड्या पेटायला लागल्या म्हनं," भाजीवाली म्हणाली.

"पेटत न्हाईत. आणि तुझी भेंडी जून हाय," असं सुनावून मी रिकामी पिशवी घेऊन तडक घरी आले.

फोन उघडून बघितलं तर पंचनाम्याची नोटीस लागलेली. सहा गाड्या, सगळ्या आमच्याच भागातल्या. दोष: बारा व्होल्टच्या लाइनवर सोळा व्होल्ट. कारण: व्होल्ट उतरवणारी पेटी. नाव: केतकी ऋतुराज लोहार. हरकतीची मुदत: सात दिवस.

ज्यांच्या दारात अजून पेट्रोलची गाडी आहे त्यांच्यासाठी जरा फोड करून सांगते. विजेच्या गाडीत वीज दोन प्रकारची असते. एक मोठी, चारशे व्होल्टची, ती चाकं फिरवते. तिच्या केबली नारिंगी असतात आणि त्यांना उगाच हात लावायचा नसतो. दुसरी छोटी, बारा व्होल्टची. दिवे, वायपर, हॉर्न, दाराची कुलपं, ब्रेकचा कॉम्प्युटर, सगळं त्या छोट्या विजेवर, आणि तिच्यासाठी एक छोटी बॅटरी वेगळी. मोठ्या विजेतून छोटी वीज काढून द्यायचं काम एक पेटी करते. इंजिनियर लोक तिला कन्व्हर्टर म्हणतात. बोलायला बारा व्होल्ट, पण गाडी चालू असताना त्या पेटीनं चौदा धरून ठेवायचे, ना जास्त ना कमी. कमी झाले तर गाडी मुकाट बंद पडते. जास्त झाले तर माणसाचं बीपी वाढावं तसं होतं. वरून सगळं झकास, दिवे उलट जास्तच लखलखतात, आणि आतून एकेक भाग शिजत असतो. शेवटी छोट्या बॅटरीतला रक्षक घाबरून स्वतःच जोड तोडतो आणि गाडीत अंधार होतो.

त्या सहांतल्या माने सरांच्या गाडीचं तेच झालं. अंकलीच्या पुलावर वायपर आपोआप चालू झाले, दिवे पांढरेफटक पेटले, आणि मग सगळंच गेलं. दारं उघडेनात. आत सरांची ऐंशी वर्षांची आई. लोकांनी काच फोडून म्हातारीला बाहेर काढलं. हाताला खरचटलं तेवढंच, पण पुलावर मागून ट्रक आला असता तर?

आणि पंचनामा म्हणजे काय, तर सरकारी यंत्र. गाडीत डझनभर लहान कॉम्प्युटर असतात आणि प्रत्येक जण आपल्यापर्यंत किती व्होल्ट आले ते मोजत असतो. गाडी बिघडली की सगळ्यांच्या साक्षी त्या मोठ्या यंत्राकडे जातात. ते लाखो गाड्यांशी ताडून बघतं आणि दोन मिनिटांत निकाल देतं. नुसता दोष सांगत नाही, माणसाचं नाव लावतं. कायदाच आहे, नावाशिवाय दोष बंद होत नाही.

सुरुवातीला मी पेढे वाटले होते. चांगला पार्ट खराब सांगून बदलणारे चोर आठ दिवसांत सरळ झाले. पण पुढं पुढं लोक 'का बिघडलं' हे विचारायचेच बंद झाले. 'कुणाचं नाव लागलं' एवढंच. माझ्या शेजारच्या टायरवाल्यानं सख्ख्या भावाबरोबर काम करणं सोडलं, कारण नट कुणी आवळला यावरून नाव लागायचं. चूक झाली म्हणणारा माणूस शोधून सापडेना. तीन नावं लागली की दोन वर्षं परवाना बंद. माझ्यावर दोन होती. एक बरोबर लागलेलं, फ्यूज मीच ढिला बसवला होता. दुसरं साफ खोटं, त्यावर मी सांगलीच्या ऑफिसात जाऊन असा आवाज लावला की पट्टेवाला पाणी घेऊन आला.

केतकीचं गणित वेगळं. ती चाकणच्या कारखान्यात पेट्यांच्या तपासणीवर. प्रत्येक खेपेच्या कागदावर तिची सही, त्याशिवाय माल बाहेर पडत नाही. सहीवाल्याला असं एक जरी नाव लागलं तर सहीचा हक्क कायमचा जातो. कायमचा म्हणजे कायमचा.

आता खरं सांगते, लपवत नाही. नोटीस वाचून मला पोरीची काळजी वाटली, पण त्याच्या आधी क्षणभर बरंही वाटलं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी ही पोरगी माझ्या गॅरेजात उभी राहून म्हणाली होती, "आई, हा बल्ब कशाला? मीटर आहे ना." तो बल्ब सासऱ्यांचा. ट्रकच्या मागच्या दिव्याचा छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा, एकीला सुई. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. चार वर्षांत आमचं जमलं, पण ती पुस्तकवाली आणि मी हातवाली, हे काही मिटलं नाही. माझा मुलगा ऋतुराज जहाजावर असतो. तो तिकडून फोनवर म्हणतो, "तुमच्या दोघींच्या मधे उभं राहण्यापेक्षा समुद्र बरा."

चौथ्या दिवशी सकाळी केतकी चाकणहून आली. डोळे सुजलेले. चहाला नको म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर.

"माने सरांची गाडी तुमच्याकडेच आहे ना, आई? मला स्वतः बघायचीय."

"बघ की. मी कुठं अडवलंय? पण तुझ्या यंत्रानं निकाल दिलाय नव्हं?"

"ते माझं यंत्र नाही," ती म्हणाली. "माझी पेटी आहे. आणि अकरा साक्षीदार तिच्या विरुद्ध आहेत. सगळे कॉम्प्युटर सांगतात सोळा पूर्णांक तीन. एकटी पेटी सांगते, मी चौदाच देतेय. पंचनाम्यानं धरलं की पेटी खोटं बोलते. मी असते तरी तसंच धरलं असतं."

"अगं, अकरा जण एक बोलतात म्हणून बारावा खोटा? आमच्या सोसायटीची मीटिंग बघितली न्हाईस तू."

ती हसली नाही. मी बॉनेट उघडलं.

पहिलं काम, आजार खरा आहे का ते बघणं. बॅटरी जोडून गाडी चालू केली, मीटर लावला. सोळा पूर्णांक तीन. म्हणजे कॉम्प्युटर खोटं बोलत नव्हते. सरांना फोन लावून विचारलं, कुणी बाहेरचा चार्जर लावला होता का, ट्रकच्या चोवीस व्होल्टवरून धक्का दिला होता का. नाही म्हणाले. बॅटरी मूळचीच, शिक्का तसाच. जाडी केबल घट्ट, अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची जोडणी घट्ट. केतकीनं लॅपटॉप जोडून पेटीचं म्हणणं ऐकलं. पेटी ठामपणे चौदा सांगत होती.

"हिला चौदा दिसतंय कुठनं?" मी विचारलं.

"ही बारीक पिवळी वायर." तिनं बोट दाखवलं. "पेटी आपल्या तोंडाशी व्होल्ट मोजत नाही. बॅटरीपर्यंत जाता जाता थोडे कमी होतात ना, म्हणून ही वायर बॅटरीच्या टर्मिनलवरून परत येते आणि पेटीला सांगते, इथं एवढे पोचले. कमी पोचले तर पेटी जोर वाढवते."

"म्हणजे पेटीचा कान."

"कान म्हणा. पण कान चांगला आहे. हे बघा." तिनं गाडी बंद केली, वायर पेटीकडून सोडवली आणि मीटर लावला. बॅटरीवर तेरा पूर्णांक तीन. वायरच्या दुसऱ्या टोकालाही तेरा पूर्णांक तीन. आकडा हलत नव्हता. "वायर बरोबर आहे. म्हणजे पेटीच चुकते." आणि ती तिथंच स्टुलावर बसली. "सही माझी आहे, आई. मीच तपासल्या होत्या. नेमकं काय सुटलं तेच मला कळत नाही."

कारखान्यातली एवढी मोठी बाई, माझ्या गॅरेजातल्या तेलकट स्टुलावर बसून पदरानं नाक पुसावं तसं ओढणीनं पुसत होती. मला राहवेना. इतर वेळी आम्ही एकमेकींची उणी काढतो ती वेगळी गोष्ट. पण माझ्या घरातली सही खोटी? चार वर्षं मी तिच्या हाताखालून गेलेली प्रत्येक वस्तू बघतेय. ती पोळ्यासुद्धा मोजून एकसारख्या लाटते.

मी खिळ्यावरचा बल्ब काढला.

"आई, मीटरनं झालंय मोजून."

"तुझा मीटर लाजरा पाहुणा हाय. चमचाभर खातो आणि पोट भरलं म्हनतो. त्याला वाढायला किती ताकद लागते? बल्बाला पोटभर जेवण लागतं."

बल्बाचा चिमटा गाडीच्या सांगाड्याला लावला, सुई बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवली. लख्ख पेटला. मग तीच सुई पिवळ्या वायरीच्या टोकाला टेकवली.

बल्ब पेटला नाही. लुकलुकलासुद्धा नाही.

केतकी ताडकन उठली. सुई माझ्या हातातून घेऊन तिनं स्वतः लावून बघितली. एकदा, दोनदा. मग तिचं पुस्तक एकदम उघडलं आणि ती भराभर बोलायला लागली. "वाटेत रोध आहे. कुठंतरी हजार-दीड हजार ओहमचा. मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, म्हणून त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. पण पेटी थोडी ओढते, मग तिच्यापर्यंत येईस्तोवर दोन व्होल्ट वाटेतच पडतात. सोळा असताना तिला चौदा ऐकू येतात! आई, ती खोटं बोलत नव्हती. तिला जे ऐकू आलं त्यावर ती इमानानं चालली होती!"

"मग? घोडामैदान जवळच हाय. दुसरी वायर लाव."

एक नवी तार टर्मिनलवरून थेट पेटीच्या त्या खाचेत जोडली. गाडी चालू केली. मीटर चौदा पूर्णांक शून्य. जणू काही झालंच नव्हतं. केतकीनं मला मिठी मारली, माझ्या हाताचं ग्रीस तिच्या पांढऱ्या कुर्त्याला लागलं, आणि तिनं "आई, कुर्ता" असंही म्हटलं नाही. मला विचाराल तर माझ्या आयुष्यात एवढा फुगलेला ऊर मला आठवत नाही. माझा बल्ब आणि तिची पेटी, दोन्ही खरे निघाले.

आणि मग हात दाखवून अवलक्षण झालं.

रोध नेमका कुठं आहे ते बघायला मी पिवळ्या वायरीची बॅटरीकडची क्लिप काढली. नखाएवढी स्प्रिंगची क्लिप, टर्मिनलच्या डोक्यावर बसते. आत हिरवा थर चढलेला, चिकट. मी बोटानं खरवडला. हिरव्याच्या खाली लाल होतं.

"हे लाल काय आहे? तांब्याचाच गंज का?" केतकीनं विचारलं.

मला बघताक्षणी कळलं होतं. चौतीस वर्षं ते मीच लावतेय.

"काय की," मी म्हटलं, आणि हात धुवायला मागं गेले.

खंडेनवमीला सगळेच हत्यारांची आणि गाड्यांची पूजा करतात. बाकीचे बॉनेटवर स्वस्तिक काढतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमच्या सासऱ्यांची रीत वेगळी. ते बॉनेट उघडायचे आणि हळद-कुंकू थेट बॅटरीच्या टर्मिनलला लावायचे. गाडीचा जीव तिथं, मग पूजा तिथंच, असं म्हणायचे. आणि नारळ फोडून त्याचं पाणी तिथंच शिंपडायचे. मी ती रीत सोडली नाही. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला सहा नव्या गाड्या माझ्या दारात ओळीनं उभ्या होत्या, झेंडूच्या माळा घालून. माझ्या फोनात फोटो आहे. हात धुऊन मी तो उघडला आणि नोटिशीतल्या नंबरांशी ताडून बघितला. सहाच्या सहा त्याच.

नारळाच्या पाण्यात क्षार. कुंकवाचा गाळ ते पाणी धरून बसला. दोन महिने क्लिपेत मुरलं.

मग सासऱ्यांच्या वेळी असं का झालं नाही? बेसिनपाशी उभं राहून मी आठवत राहिले आणि आठवलं तेव्हा तोंडात मारल्यासारखं झालं. दसऱ्याच्या सकाळी, सोनं लुटायला जायच्या आधी, सासरे पातेलंभर पाणी तापवायला लावायचे. फडकं बुडवून प्रत्येक टर्मिनल पुसायचे आणि वर व्हॅसलीन लावायचे. नव्या गाड्या आल्या, बॅटरीवर 'काही लावू नये' असं स्टिकर आलं, आणि मी व्हॅसलीन सोडलं. त्याच्याबरोबर पुसणंही सुटलं. कुंकू तेवढं राहिलं. म्हणे चालीरीत सांभाळते! अर्धी सांभाळली मी, सोपी होती ती अर्धी.

बाहेर आले आणि केतकीला सगळं सांगितलं. फोटोही दाखवला.

तिनं क्लिप उचलून बघितली. मग म्हणाली, "कुणाला सांगू नका."

"म्हणजे?"

"पेटी निर्दोष आहे एवढं सिद्ध झालं, बास. क्लिपेवर गंज, कारण हवामान. पंचनाम्यात 'निसर्ग' असं नाव लावता येतं, कारण नक्की कळत नसेल तर. पुरामुळं, दमट हवेमुळं लोक लावतात. माझं नाव सुटेल आणि तुमचंही लागणार नाही. आई, तुमचं तिसरं आहे!"

"मला मोजता येतं."

"मग ऐका ना माझं. दोन वर्षं तुम्ही गाडीला हात न लावता राहाल? चार दिवस चाकणला आमच्याकडं आला होतात, तर लिफ्टचं बटण उघडून बसला होतात."

माझ्यासाठी डोळ्यांत पाणी आणून ती भांडत होती. मला त्या क्षणी ती सून वाटली नाही, पोटची वाटली. आणि मोहही झाला, खोटं कशाला बोलू? निसर्गाचं काय जातंय? त्याचा परवाना कोण काढून घेणार?

पण माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या अकरा जणांची गॅरेजं आहेत. मिरज, इचलकरंजी, कुरुंदवाड, पार गडहिंग्लजपर्यंत. सगळ्यांना मी पक्कड धरायला शिकवली तशी ही पूजाही शिकवली, अर्धीच. त्यांच्याकडच्या गाड्यांच्या क्लिपेत आत्ता ह्या घटकेला काय मुरत असेल?

"केतकी," मी म्हटलं, "निसर्ग लिहिलंस तर पुढच्या खंडेनवमीला कुणाला सांगणार, कुंकू लावू नका म्हणून? निसर्गाला? पुलावर एक म्हातारी वाचली. दुसरी वाचंल कशावरनं?"

मी त्याच बैठकीला अकरा फोन लावले. अकरा जणांना सांगितलं की रंजना लोहारनं तुम्हाला चुकीचं शिकवलंय, दसऱ्यातल्या गाड्या बोलवा आणि क्लिपा पुसा. मिरजेची वंदना म्हणाली, "बाई, तुम्ही आणि चुकलात?" तिला ते खरंच वाटेना. नवव्या फोनपर्यंत माझा आवाज बसला होता. संध्याकाळपर्यंत चौदा गाड्यांत हिरवा थर सापडला.

केतकीच्या हरकतीवरून सातव्या दिवशी सांगलीहून निरीक्षक आले. सुनंद उपाध्ये, सभ्य गृहस्थ, मागच्या भांडणात पट्टेवाल्याला पाण्यासाठी यांनीच पिटाळलं होतं. मी त्यांच्यासमोर गाडी चालू केली, जुनी क्लिप लावली, सोळा दाखवले. नवी लावली, चौदा दाखवले. बल्ब दाखवला. त्यांनी सुई तीनदा स्वतः टेकवून बघितली.

"पेटी निर्दोष," ते टॅबवर टिपत म्हणाले. "मॅडमचं नाव काढतो. आता कारण. क्लिपेवर गंज... हवामान लिहू का? आपल्याकडं नदीकाठची दमट हवा..." त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी दोन नावं त्यांच्या टॅबवर दिसत असणार. माणूस सज्जन.

"हवेला कशाला बदनाम करताय, साहेब? कुंकू लिहा. कुंकू आणि नारळाचं पाणी. आणि नाव लिहा, रंजना लोहार."

"लोहारबाई, तिसरं होईल."

"तिसरं हाय ते. पहिलं माझंच होतं, दुसरं तुमच्या यंत्रानं खोटं लावलं, आणि हे तिसरं मी आपल्या तोंडानं सांगतेय. लिहा."

केतकी माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात घट्ट धरला होता. उपाध्ये साहेबांनी नाव लिहिलं. त्याखाली अजून एक रकाना होता: शोध कोणाचा. साहेब म्हणाले, हा कधी कुणी भरतच नाही, मोकळाच सोडू या.

"सोडायचा नाही," केतकी म्हणाली. आवाज कारखान्यातला. "मी मीटर लावून चुकले होते. पंचनामा लाखो गाड्या बघून चुकला होता. ज्यांनी शोधलं त्यांचं नाव लिहा. रंजना लोहार."

साहेबांनी लिहिलं. टॅब टिंग वाजला आणि लाल चौकट आली: दोष आणि शोध या दोन्ही ठिकाणी एकच नाव आहे, कृपया दुरुस्त करा. साहेबांनी पुन्हा भरलं. पुन्हा लाल. यंत्राच्या लाखो निकालांत असं कधी झालंच नव्हतं, कारण आपलीच चूक शोधून काढणाऱ्या माणसाची त्याला सवयच नव्हती. तिसऱ्यांदा चौकट पिवळी झाली आणि खाली प्रश्न आला: आपली खात्री आहे?

साहेबांनी टॅब माझ्यापुढं धरला. मी ग्रीसच्या बोटानंच दाबलं.

परवाना त्याच दिवशी गेला. दोन वर्षं गाडीच्या बॉनेटखाली दुरुस्तीचा हात घालायचा नाही. पहिले पंधरा दिवस मी घरातल्या मिक्सरपासून मंदिराच्या घंटेपर्यंत सगळं खोलून बसवलं. मग मिरजेची वंदना आठवड्यातून तीन दिवस येऊन गॅरेज उघडायला लागली. मी खुर्चीवर बसून ओरडते, ती कामं करते. गिऱ्हाईक कमी झालं का? उलट वाढलं. लोक गाडी उभी करतात आणि म्हणतात, "काकू, लांबूनच बघा, पण तुम्हीच बघा."

जूनमध्ये केतकीचा फोन आला. "आई, तुमचं कुंकू कुठल्या दुकानातलं? पावशेर पाठवा. आणि नारळ कुठला वापरता?"

"कशाला गं?"

"पाठवा तर."

मी पाठवलं. वर विचारलं नाही, पण डोक्यात भुंगा सोडून दिला तिनं.

परवा खंडेनवमी झाली. सकाळी मी हत्यारं मांडली. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, बल्ब मधोमध. एवढ्यात दारात एक गाडी उभी राहिली आणि केतकी उतरली. बॉनेट उघडलं. आत नवी पेटी, आणि टर्मिनलवरची क्लिप हिरवीगार.

"चार महिने मुरवलीय," ती म्हणाली. "तुमचंच कुंकू, शिरोळ रोडचेच नारळ. कारखान्यात सगळे हसत होते मला. आता तुम्ही आणखी लावा, आई. लागेल तेवढं लावा."

"मला बॉनेटखाली हात घालायला बंदी हाय."

"पूजेला परवाना लागत नाही. उपाध्ये साहेबांना विचारून आलेय."

मी हळद लावली, कुंकू लावलं, भरपूर. नारळ फोडला आणि पाणी सगळंच्या सगळं टर्मिनलवर ओतलं. केतकीनं बल्ब जोडला आणि गाडी चालू केली. मी मीटरकडं बघितलंच नाही, बल्बाकडं बघत होते. तो नेहमीसारखा पेटला आणि तसाच राहिला.

"चौदा," केतकी म्हणाली. "आता ती नुसत्या एका कानावर विसंबत नाही. आपल्या तोंडाशीही मोजते. दोन्हींत फरक दिसला तर जोर वाढवत नाही, आधी विचारते. यंदापासून सगळ्या गाड्यांत हीच पेटी. वर बघा, स्क्रीनवर."

मी चष्मा पुसून गाडीत डोकावले. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत मराठीत आलं होतं: टर्मिनल अस्वच्छ आहे. गरम पाण्याच्या फडक्यानं पुसा आणि व्हॅसलीन लावा.

सासऱ्यांचे शब्द. मी त्या दिवशी बेसिनपासून परत येऊन तिला सांगितले होते, ते तसेच. जी अर्धी रीत मी विसरले ती ह्या पोरीनं देशभरातल्या गाड्यांत लिहून ठेवली, आणि कुंकवाला मात्र बंदी घातली नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भाजीवाली रस्त्यावरून बघत होती. तिला मी मोठ्यानं हाक मारून सांगितलं, "ही माझी सून! आणि ही तिची पेटी!"

"आई, बास," केतकी लाजून म्हणाली. "स्क्रीन काय म्हणतेय ते करा आधी."

मी आत गेले आणि पातेलंभर पाणी तापायला ठेवलं.